ओपन सोर्सच्या पोटातले सशुल्क भाग : दूध संस्थांच्या सॉफ्टवेअरची झाडाझडती

आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या भूम-परंड्याकडच्या बऱ्याच दूध संस्था जे सॉफ्टवेअर वापरतात ते ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता, बदलता आणि वाटता येतो. सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) यांवरून दर, उत्पादकाच्या हातात पडणारी पावती, उचल आणि पशुखाद्य कापून दर दहा दिवसांनी निघणारा दुधाचा पगार, सगळं त्यात होतं. इथल्याच एका दादाने ते लिहिलं आणि जीपीएल आवृत्ती ३ या मुक्त परवान्याखाली खुलं केलं. तो नोकरीला पुण्याला गेल्यावर देखभाल माझ्याकडे आली. २०२४ मध्ये गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान आलं, तेव्हा उत्पादकांच्या याद्या काढायला ते उपयोगी पडलं आणि वापरणाऱ्या संस्था एकदम वाढल्या. त्याच वर्षी त्याच्या पोटात काय काय भरलंय याची झाडाझडती घ्यायची वेळ आली. ती कशी घेतली, कुठे अडलं, किती पैसे गेले आणि लोक काय म्हणाले, ते क्रमाने लिहिते. आमच्याकडे हे विचारायला माणूस मिळत नाही, म्हणून.

सुरुवात ऑडिटमधून झाली. सप्टेंबरमध्ये एका संस्थेचे सचिव अहवालाची झेरॉक्स घेऊन माझ्या दुकानात आले. दोषांच्या यादीत एक ओळ होती : "वापरातील संगणक प्रणालीचा परवाना दप्तरी आढळून आला नाही." महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ८२ प्रमाणे दोषदुरुस्ती अहवाल तीन महिन्यांत, 'ओ' नमुन्यात द्यावा लागतो. सचिव म्हणाले, "ताई, फुकट आहे म्हणून घेतलं. फुकटच्या वस्तूची पावती कुठून आणू?"

ओपन सोर्सला पावती नसते, पण परवाना असतोच. जीपीएलचा मजकूर प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये पडलेला असतो. त्याची प्रिंट काढायची, संस्थेच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून सोबत जोडायची, बहुतेक ठिकाणी एवढ्यावर भागतं. मी पत्राचा मसुदा केलाही. त्यात "ही प्रणाली संपूर्णपणे मुक्त परवान्याखाली आहे" असं वाक्य होतं आणि खाली माझी सही जाणार होती. 'संपूर्णपणे' लिहिण्याआधी आत बघायचं ठरवलं.

स्कॅनकोड नावाचं एक खुलं साधन आहे. अख्खा कोड त्याच्यापुढे टाकला की फाइलवार परवाने शोधून देतं. दुकानातल्या जुन्या संगणकावर रात्री लावून ठेवलं, सकाळी यादी तयार होती. बहुतेक फायलींपुढे एमआयटी, बीएसडी, अपाची असे ओळखीचे मुक्त परवाने होते. कुणी हे करणार असेल तर भरलेल्या रकान्यांआधी रिकामे रकाने बघा. परवान्याचा पत्ता नसलेली फाइल तिथेच सापडते. आमच्याकडे अशा तीन गोष्टी निघाल्या.

पहिली, पावतीचा देवनागरी फॉन्ट. फाइलवर राइट क्लिक करून गुणधर्म उघडले तर एका कंपनीचं कॉपीराइट आणि विनापरवानगी वितरणास मनाई. दादाने तो स्वतःच्या पैशाने घेतला होता, एका संगणकापुरता. दुसरी, मासिक अहवालातले आलेख काढणारा एक घटक. हा सशुल्क होता, पण कंपनीने आमच्या प्रकल्पाला ओपन सोर्स म्हणून मोफत परवाना दिलेला होता आणि त्याचं पत्र दादाच्या मेलमध्ये सापडलं. तिसरी, फॅट मशीनकडून आकडे वाचणारी डीएलएल फाइल, म्हणजे प्रोग्रामला जोडायचा तयार, बंद कोड. ती मशीनबरोबर आलेल्या सीडीतली होती, सोबत परवान्याचा एक शब्द नाही.

छत्रपती संभाजीनगरला एका वकिलांकडे जाऊन आले. सल्ल्याचे दोन हजार घेतले, ते सत्कारणी लागले, कारण मला तोवर तिन्ही एकाच जातीच्या अडचणी वाटत होत्या. फॉन्टचा जीपीएलशी फारसा संबंध नाही. तो कोडपासून वेगळा आहे, पण आपल्याला वाटायचा हक्कच नाही, म्हणजे अडचण फॉन्टच्या कंपनीशी. आलेखांच्या घटकाचा परवाना खरा होता, पण तो प्रकल्पाच्या नावावर. आमचा कोड घेऊन कुणी परभणीत किंवा नांदेडात स्वतःची आवृत्ती काढली तर त्याला तो मिळत नाही, आणि जीपीएलचं वचन तर असं की पुढच्या प्रत्येकाला तेच हक्क मिळतील. डीएलएल सगळ्यात अवघड. ती आमच्या प्रोग्रामला थेट जोडली जाते, त्यामुळे दोन्ही मिळून एकच प्रोग्राम मानला जाण्याची शक्यता, आणि मग डीएलएलही जीपीएलखाली द्यावी लागेल, जे आपल्या हातात नाही. मूळ लेखक फक्त स्वतःचा कोड वाटतो तेव्हा जीपीएलच्या नावाने त्याला अडवणारा कुणी नसतो. ज्याला ते पुढे वाटायचंय त्याची मात्र पंचाईत होते.

हे सगळं मी वापरणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तसंच्या तसं टाकलं. दादाचं मत होतं, आधी दुरुस्त करू, मग सांगू. मला ते पटलं नाही. ज्यांच्या ऑडिटला उत्तर द्यायचंय त्यांना आधी कळायला हवं.

पडसाद दोन टोकांचे उमटले. एका केंद्रचालकाने विचारलं, "म्हणजे उद्या बिल पाठवणार का?" दुसऱ्याने लिहिलं, फॉन्ट चालतोय ना, मग उकरता कशाला. एका सशुल्क सॉफ्टवेअरचा एजंट आमच्या भागात फिरतो. त्याने आठवड्याभरात "ओपन सोर्स म्हणजे चोरीचा माल" असा प्रचार सुरू केला आणि दोन संस्थांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. तिकडे संभाजीनगरला इंजिनिअरिंग शिकणारा आमच्याच तालुक्यातला एक मुलगा कोडमध्ये हातभार लावायचा. त्याने कळवलं, "बंद डीएलएल आत ठेवून ओपन सोर्स म्हणत असाल तर माझं नाव काढा."

हा शेवटचा निरोप मला सगळ्यात लागला. त्याला फोन केला, बराच वेळ बोललो. त्याने लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्स या खुल्या प्रणालीच्या गाभ्याचा दाखला दिला. २००२ पासून कर्नलचं काम बिटकीपर या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या सशुल्क, बंद साधनावर चालायचं. कंपनी ते अटी घालून मोफत देत होती. २००५ मध्ये मोफत सोय बंद झाली आणि कर्नलचा मूळ लेखक लिनस टोरवाल्ड्सला त्याच एप्रिलमध्ये त्याच कामासाठी गिट लिहायला घ्यावं लागलं. मुलाचं म्हणणं, दुसऱ्याच्या मेहरबानीवर उभं राहिलं की असं होतं. मी म्हटलं, लिनक्सवरच्या केडीई डेस्कटॉपचंही बघ. ते ज्या क्यूटी लायब्ररीवर (तयार कोडच्या संचावर) उभं होतं तिचा परवाना मुक्त नव्हता, म्हणून रुसलेल्या लोकांनी १९९७ मध्ये ग्नोम हा वेगळा डेस्कटॉप सुरू केला. पुढे २००० मध्ये क्यूटी जीपीएलखाली आली तरी मनातली अढी लगेच गेली नाही. डेबियन या लिनक्स आवृत्तीचं उदाहरण मात्र मला आमच्या जवळचं वाटतं. वायफाय चिपच्या आत चालणारा बंद प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, इन्स्टॉलरमध्ये घालायचं की नाही यावर त्यांनी २०२२ मध्ये मतदान घेतलं. घालायचं ठरलं, आणि जून २०२३ च्या डेबियन १२ मध्ये त्याच्यासाठी वेगळा विभागच केला. काय बंद आहे ते दिसतं आणि नको असेल तर नाही म्हणता येतं. मुलगा म्हणाला, "तुम्ही तसं करणार असाल तर मी आहे." डीएलएलचं काम त्यानेच पुढे केलं.

ऑक्टोबरमध्ये त्या संस्थेच्या संचालक मंडळापुढे बसावं लागलं. चेअरमनना शंभराच्या बॉण्डवर हमीपत्र हवं होतं. नेमका त्याच महिन्यात शंभराचा बॉण्ड बंद होऊन पाचशेचा झाला. वकिलांना फोन लावला, ते म्हणाले बॉण्डची काही गरज नाही, साध्या कागदावर भागांची यादी आणि प्रत्येकाचा परवाना लिहून द्या. मी यादी वाचून दाखवली. एक संचालक चिडले, "आम्हाला फसवलं म्हणा की." चेअरमन शांत होते. म्हणाले, "गाईचं आणि म्हशीचं एकत्र करून विकायला कुणाची ना नाही. कॅनवर मिक्स लिहायचं. गाईचं म्हणून मिक्स दिलं तर भांडण. ताई, तुमच्या कॅनवर काय लिहिलंय ते बघा आधी." आमच्या सॉफ्टवेअरच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं : "पूर्णपणे मोफत व मुक्त". त्या रात्रीच ते बदललं.

ऑडिटचं उत्तर मुदतीत गेलं. मसुदा देते, उपयोगी पडेल : "संस्था वापरत असलेली प्रणाली जीपीएल आवृत्ती ३ या मुक्त परवान्याखाली असून परवान्याची प्रत सोबत जोडली आहे. प्रणालीसोबत आलेल्या तीन घटकांचे परवाने वेगळे असून त्यांची यादी सोबत आहे. सदर घटक बदलण्याचे काम सुरू आहे." ऑडिटरनी ते स्वीकारलं, फक्त काम पूर्ण झाल्यावर कळवा म्हणाले. सशुल्क घटक आहे म्हणून कुणी अंगावर येईल ही भीती अनाठायी होती. त्यांना दप्तरी कागद हवा होता.

फॉन्टच्या कंपनीला मी दिवाळीच्या आधी मेल केला. मग दिवाळी, मग विधानसभेची निवडणूक. उत्तर यायला डिसेंबर उजाडला. उत्तर सभ्य होतं : एका संगणकाचा परवाना चालू ठेवा, सॉफ्टवेअरबरोबर वाटायचा असेल तर वेगळा वार्षिक करार. रक्कम पाच आकडी. आमच्या प्रकल्पाकडे वर्गणीचे जेमतेम साडेतीन हजार शिल्लक होते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. बऱ्याच फॉन्टना पीडीएफमध्ये बसवायची मुभा असते, तिचा अर्थ फॉन्टची फाइल वाटायची मुभा असा होत नाही. आमच्या ग्रुपवर यावरून बराच वाद झाला.

म्हणून फॉन्ट बदलायचा ठरला. एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स या फॉन्टच्या मुक्त परवान्याखाली देवनागरीत आता चांगले फॉन्ट आहेत : 'मुक्त', 'नोटो', 'लोहित'. या परवान्यात फॉन्ट कुठल्याही सॉफ्टवेअरबरोबर देता येतो, सशुल्कबरोबरसुद्धा. नुसता फॉन्ट तेवढा विकायचा नाही, आणि परवान्याची फाइल सोबत ठेवायची. आम्ही 'मुक्त' हा फॉन्ट घेतला. वाटलं होतं एका संध्याकाळचं काम. पण जुना फॉन्ट युनिकोडच्या (अक्षरं साठवायच्या आजच्या सामायिक पद्धतीच्या) आधीच्या काळातला निघाला, म्हणजे उत्पादकांची नावं माहितीसाठ्यात त्या फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत साठवलेली. फॉन्ट काढला तर 'शिवाजी'च्या जागी इंग्रजी चिन्हांचा चिवडा दिसायचा.

जानेवारी-फेब्रुवारी या रूपांतरात गेले. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफार उलटा : जुन्यात अक्षराच्या शेवटी, युनिकोडमध्ये आधी. याचे नियम त्याच मुलाने लिहिले आणि बहुतेक नावं सरळ आली. अडकलं ते ऱ्यापाशी. पावतीच्या डोक्यावर 'शेतकऱ्यांची दूध संस्था' असं छापायचं, तिथे 'शेतकर्यांची' येऊ लागलं, 'य'वर रफार चढलेला. 'कोऱ्हाळे' आडनावाचे उत्पादक 'कोर्हाळे' झाले. जुन्या फॉन्टमध्ये हा आडवा र वेगळं चिन्ह होता, आमचा नियम त्याला साधा र समजत होता. युनिकोडमध्ये त्यासाठी नुक्ता असलेला ऱ आणि हलंत लागतो. हे कळल्यावर दुरुस्ती दोन ओळींची. पण तपासायला प्रत्येक संस्थेच्या यादीवर डोळे फिरवावे लागले. संस्थांच्या सचिवांनी आपापल्या याद्या प्रिंट काढून लाल पेनाने खुणा करून पाठवल्या. त्या माणसांना आपली गावची नावं तोंडपाठ, कुठलाही प्रोग्राम तेवढं अचूक काम करू शकला नसता.

आलेखांचा घटक पटकन सुटला. चार्ट डॉट जेएस एमआयटी परवान्याखाली आहे, ते बसवलं. रंग थोडे बदलले, तक्रार कुणाची आली नाही.

दरम्यान हातभार लावणाऱ्या सगळ्यांची संमती गोळा करत होते. जीपीएलच्या कलम ७ प्रमाणे "या विशिष्ट बंद लायब्ररीशी जोडायला परवानगी आहे" अशी जादा मुभा देता येते, पण ज्याचा ज्याचा कोड आत आहे त्या प्रत्येकाने हो म्हणायला हवं. बहुतेकांनी मेलवर एका ओळीत हो लिहिलं, नोटरी वगैरे लागत नाही. एकाला नोकरीच्या कंपनीकडून विचारून सांगायचं होतं, त्यात महिना गेला. एकाचा नंबर, मेल काही लागेना. त्याने कपातीचा हिशेब लिहिला होता, तो भाग नव्याने लिहिला. प्रकल्प लहान असतानाच हातभार लावणाऱ्यांचे मेल नीट जपून ठेवा एवढं सांगेन.

डीएलएलसाठी मशीनच्या कंपनीला मेल केले, फोन केले. विक्री विभाग सर्व्हिसकडे पाठवायचा, सर्व्हिस डीलरकडे. लेखी परवानगी शेवटपर्यंत आली नाही. नकारही नाही. मग मुलाने केंद्रावर बसून बघितलं की मशीन सिरियल पोर्टवरून नेमकं पाठवतं काय. सकाळची गर्दी ओसरल्यावर सचिवांनी एक नमुना मशीनमध्ये लावला. स्क्रीनवर एक साधी ओळ उमटली : फॅट, एसएनएफ, पाणी, स्वल्पविरामांनी तोडलेली, शेवटी तपासणीचा आकडा. त्या मॉडेलला डीएलएल लागतच नव्हती! ती ओळ थेट वाचणारा कोड आम्ही लिहिला आणि तिथला बंद भाग कायमचा गेला.

दुसऱ्या एका मॉडेलचं तसं जमलं नाही. ते कूट भाषेत बोलतं. तिथे आम्ही एक छोटा वेगळा प्रोग्राम केला, जो डीएलएलकडून आकडे घेतो आणि मजकुराच्या फाइलमध्ये लिहितो. मुख्य प्रोग्राम ती फाइल वाचतो. डीएलएल आमच्या इन्स्टॉलरमध्ये नाही, ज्याच्याकडे ते मशीन आहे त्याने कंपनीच्या सीडीतून घ्यायची. वापरणाऱ्याला एक पायरी वाढली, आणि ज्यांच्याकडे हे मशीन आहे त्यांना त्याचा राग आहे, आजही. "आधी एका क्लिकवर व्हायचं," म्हणतात. त्यांचं खरंच आहे. तरी परवानगीशिवाय दुसऱ्याची फाइल वाटण्यापेक्षा ही पायरी मला बरी वाटते. सीडी हरवली असेल तर डीलर पुन्हा देतो, मशीनचा अनुक्रमांक सांगावा लागतो.

नवी आवृत्ती ३० मार्च २०२५ ला, गुढीपाडव्याला दिली. पहिल्या पानावर तीन रकान्यांचा तक्ता आहे : भागाचं नाव, कुणाचा, काय परवाना. बंद भागापुढे लाल अक्षरात "हा भाग मुक्त नाही, याच्याशिवाय हाताने फॅट भरून काम चालतं". मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं की ते खरंच चालतं. वाय-फाय बंद, डीएलएल काढलेली, असं करून आम्ही संध्याकाळचं पूर्ण संकलन करून पाहिलं.

एजंटचा प्रचार तक्त्यानंतरही थांबला नाही. पण आता संस्था मला फोन करत नाहीत, तक्त्याची प्रिंट त्याच्यापुढे ठेवतात. खुलासा मागणाऱ्या दोनपैकी एक संस्था सशुल्क सॉफ्टवेअरकडे गेली. सचिवांनी कारण मोकळेपणाने सांगितलं : त्यांना फोनवर ओरडता येईल असा माणूस हवा होता. त्यात गैर काही नाही. उलट परंड्याच्या एका केंद्राने लाल ओळ वाचूनच आम्हाला बोलावलं. चालक म्हणाले, "तुमच्यात काय बंद आहे ते तुम्हीच लिहिलंय, बाकीचे विचारलं तरी सांगत नाहीत."

एकूण खर्च वकील, संभाजीनगरचं एसटीचं भाडं आणि याद्यांच्या प्रिंट धरून पाच हजारांच्या आत राहिला. त्यातला निम्मा संस्थांनी वर्गणी काढून दिला.

पुढच्या ऑडिटच्या वेळी सचिवांनी तक्त्याची प्रत फाइलला लावली आणि तो दोष निकाली निघाला. जुनी आवृत्ती अजून वापरणाऱ्यांना एक विनंती. रूपांतर करण्याआधी माहितीसाठ्याची प्रत पेनड्राइव्हवर घ्या, आणि नवी आवृत्ती चालू झाली तरी दुधाचा एक पगार निघेपर्यंत जुनी काढून टाकू नका. नावांत ऱ्य किंवा ऱ्ह असेल तर तेवढी पानं वेगळी काढून बघा. जुना फॉन्ट सी ड्राइव्हच्या फॉन्ट फोल्डरमध्ये उरतो, तो आपोआप जात नाही, हाताने काढावा लागतो.